वहिनीची टिचकी आणि शिळं पाणी

माझी वहिनी गेली एकोणतीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त हलवते. ऐकायला विचित्र वाटेल, पण कामच तसं आहे. आमच्या लॅबमध्ये सकाळी सातपासून लोक बाही वर करून बसतात. सुई टोचली की रक्त नळीत जातं, आणि ती नळी लगेच हळूहळू उलटीसुलटी करायची असते, आठ वेळा. कमी केली तर गुठळी होते, जोरात केली तर रक्त फुटतं आणि नमुना वाया. हे मला कसं माहीत? मी फोडलंय म्हणून. नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात वहिनी म्हणाली, "जरा ही नळी हलव गं," आणि मी खोकल्याच्या औषधाची बाटली हलवतात तशी खळाखळा हलवली. त्या गृहस्थांना दुसऱ्यांदा टोचावं लागलं. ते माझ्याकडे असे बघत होते की विचारू नका. तेव्हापासून मी काउंटरवर बसते, नावं लिहून घेते, रिपोर्ट छापते आणि नळीला बोट लावत नाही.

मी तिची नणंद. सख्खी आणि धाकटी. नणंद-भावजय एकाच घरात राहतात, वर एकाच ठिकाणी नोकरी करतात, हे ऐकून लोक हळहळतात. नक्की कुणासाठी ते सांगत नाहीत. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, कबूल. वहिनीला राग येत नाही, तिला डाग दिसतात. दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत असे डाग. रोज सकाळी घरातली पाण्याची सगळी भांडी रिकामी करायची, घासायची आणि ताजं पाणी भरायचं, हा तिचा नेम. कालचं पाणी तिच्या लेखी शिळं, आणि शिळं म्हणजे संपलंच. तहानेने जीव जात असला तरी ती तुम्हाला आधी भांडं घासू द्या म्हणेल.

नळी उलटीसुलटी करणं कुणालाही शिकवता येतं. (मी सोडून.) तिची खरी करामत त्यापुढची. रक्तातलं पिवळसर पाणी वेगळं काढतात, त्याचा एक थेंब करंगळीएवढ्या नळीत घेतात, त्यात तपासणीचं औषध घालतात आणि दोन्ही मिसळतात. मिसळलं की गुलाबी रंग येतो, आणि तो किती गडद आहे त्यावरून साखर किती ते कळतं. आता एवढ्याशा थेंबात ढवळायला काय घालणार? काडी घातली तर थेंबातलं निम्मं काडीलाच चिकटून येणार, आणि ह्याची साखर त्याच्या नळीत जाणार. म्हणून वहिनी टिचकी मारते. डाव्या हातात नळी, उजव्या हाताचं मधलं बोट, टिक टिक टिक. आत चिमुकला भोवरा उठतो आणि रंग सगळीकडे सारखा. लॅबचे मालक म्हणजे आमचे डॉक्टर. ते पाहुण्यांना लॅब दाखवताना तिच्या टेबलाशी थांबून म्हणायचे, "हे आमचं सगळ्यात महागडं मशीन." वहिनी मान खाली घालून हसायची, पण टिचकी चुकायची नाही.

तर ही गेल्या वर्षीची गोष्ट. एका दुपारी मी तिला चहाचा कप डाव्या हाताने उचलताना पाहिलं. मग केसही डाव्या हाताने विंचरताना पाहिलं. आणि एक दिवस तिच्या बोटांतून रिकामी नळी खाली पडली, तर पडलेली तिला कळलीच नाही. काच फुटल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. मी तिला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"अगं काही नाही, मुंग्या येतात जरा."

"किती दिवस, असं विचारतेय मी."

"तीन महिने," ती म्हणाली आणि तिथली आधीच लख्ख असलेली फडताळाची काच पुसायला लागली. डाव्या हाताने.

उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली होती. मनगटात कळ यायची. एवढी वर्षं टिचक्या मारून मारून मनगटातली शीर दबली होती. मी म्हटलं, डॉक्टरांना सांग. तर म्हणे, सांगितलं की घरी बसवतील. तिच्या आधी त्याच टेबलावर एक थोरले टेक्निशियन होते. त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना गुच्छ दिला, दोन शब्द बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून ते बिचारे घरी. "मी घरी बसून काय करू?" वहिनी म्हणाली. "भांडी घासून घासून चाळणी करीन त्यांची. मला हे काम आवडतं गं. सकाळी त्या नळ्या ओळीने लावल्या की मला बरं वाटतं."

तिने मला शपथ घातली. दादालाही सांगायचं नाही. दादा म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा. स्वभावाने इतका शांत की हातातल्या पेपरला आग लागली तरी पान उलटून पुढची बातमी वाचेल, त्यामुळे त्याच्यापासून लपवणं अवघड नव्हतं. डाव्या हाताने टिचकी मारायचा सराव तिने घरी साध्या पाण्यावर करून करून पक्का केला होता. जमायचं, पण हळू. लॅबमध्ये प्रत्येक नमुना ती दोनदा करायची, आणि दोन्ही आकडे जुळले तरच माझ्याकडे पाठवायची. एकही रिपोर्ट चुकीचा गेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. मात्र जेवायला बसायला तिला दुपारचे तीन वाजायला लागले.

मग टेक्निशियन लोकांच्या एका बैठकीत तिने थेंब आपोआप मिसळणाऱ्या एका मशीनबद्दल ऐकलं आणि डॉक्टरांच्या मागे भुणभुण लावली. डॉक्टर विचारायचे, "पण ताई, तुम्ही असताना मशीन कशाला?" ही म्हणायची, "गर्दी वाढलीय हो." दोन महिने ती हेच एक वाक्य बोलत होती. शेवटी डॉक्टर वैतागले आणि पंधरा दिवसांच्या बोलीवर मशीन आलं. रोज सकाळी एकाच माणसाच्या रक्ताचे वीस भाग करायचे, वीस कपांत मशीनने मिसळायचे आणि विसांची साखर मोजायची. रक्त एकच, त्यामुळे आकडे सारखे यायला हवेत, दोन-तीनचा फरक चालेल. पंधराव्या दिवशी डॉक्टर ठरवणार, ठेवायचं की परत पाठवायचं. परत गेलं तर वहिनीचं पुढे काय, हे आम्हा दोघींनाच माहीत होतं.

मशीन शिलाई मशीनएवढं होतं. वर उथळ तसराळं, त्यात अंगाइतकं कोमट पाणी, पाण्यात अंगठ्याच्या नखाएवढे वीस कप अर्धे बुडालेले. खाली एक पांढरी चकती. ती इतक्या वेगाने थरथरते की आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. तो आवाज पाण्यातून कपाच्या भिंतीशी जातो, तिथून आत शिरतो आणि आतला थेंब घुसळतो. कशाचाही स्पर्श नाही. मशीन बसवायला आलेले मशीनवाले म्हणजे पोट सुटलेले, हसतमुख गृहस्थ. मशीनला ते "बाई" म्हणायचे. "बाई फार गुणी आहे, फक्त पाणी स्वच्छ ठेवा," म्हणाले, संध्याकाळी पाणी भरून ठेवलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने बटण दाबलं. ना आवाज, ना हालचाल. मी म्हटलं, "हे काम करतंय की ध्यानाला बसलंय?" तिने एका कपात साधं पाणी घेतलं, वर निळ्या शाईचा थेंब सोडला आणि पुन्हा बटण दाबलं. बाई गं! पाणी एका बाजूने किंचित फुगलं, शाईची गिरकी उठली आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सगळा कप एकसारखा निळा. वहिनीने दोन्ही हात तोंडावर नेले. "अगं, हे टिचकी मारतंय," ती म्हणाली. त्या दिवशीचे वीस आकडे शहाण्णव आणि सत्त्याण्णवच्या बाहेर गेले नाहीत. आम्ही दोघींनी मागच्या खोलीत जाऊन चक्क फुगडी घालायची तेवढी बाकी ठेवली.

आणि मग माशी शिंकली. दुसऱ्या दिवशी आकडे आले एक्क्याऐंशी, एकशे चार, ब्याण्णव, शंभर. रक्त एकाच माणसाचं! काही कपांत औषध खाली बसलेलं, काहींत रंग वर तरंगतोय. तिसऱ्या दिवशी तेच. गंमत म्हणजे दुपारी पुन्हा करून बघितलं की जरा बरे आकडे यायचे, पण डॉक्टर सकाळचेच धरायचे, कारण पेशंट सकाळी येतात. डॉक्टर म्हणाले, विजेचा दाब कमी-जास्त होतोय. मशीनवाले फोनवर म्हणाले, तुमचं औषध जुनं असेल. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, त्यांचं मशीनच खराब आहे. पेपर वाचता वाचता दादा म्हणाला, "नवीन आहे, रुळेल." ह्यातलं कुणाचंही कुणी ऐकलं नाही.

वहिनीने मात्र तिला येत होता तो उपाय केला. पहिला दिवस मशीनवाल्यांनी भरलेल्या पाण्यावर गेला, पण दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी तसराळं रिकामं करून, घासून, नळाचं गाळलेलं ताजं पाणी भरत होतीच. आता ती दुपारीही बदलायला लागली. झालं, दुपारचे आकडेही बिघडले. मग तिने दात घासायचा नवा ब्रश आणला आणि तसराळ्याचे कोपरे घासले. कप चारचारदा विसळले. आकडे आणखी उड्या मारायला लागले. दुधाच्या भांड्यावर मांजर नजर ठेवतं तशी ती त्या मशीनवर नजर ठेवून बसायची, आणि बसल्या बसल्या उजवं मनगट चोळायची. नववा दिवस उलटला. मला तिच्याकडे बघवेना.

दहाव्या दिवशी सकाळी तिचा हात इतका ठणकत होता की तिला नळसुद्धा सोडता येईना. ती मला म्हणाली, "आजच्या दिवस तेवढं तसराळं घासून पाणी बदलशील? नीट घास हं." मी हो म्हटलं. पण काउंटरवर तोबा गर्दी. एक आजोबा चष्मा विसरून आलेले, त्यांना प्रत्येक ओळ वाचून दाखवावी लागत होती. एक काकू रांग सोडून पुढे घुसल्या आणि वर मलाच सुनावायला लागल्या. माझं डोकं फिरलं. ह्या मुलखावेगळ्या स्वच्छतेने आजवर कोणते दिवे लावलेत, असं मनात म्हणाले आणि तसराळ्याला हातसुद्धा लावला नाही. वहिनीने विचारलं, "बदललंस?" मी म्हटलं, "हो, लख्ख."

वीस आकडे आले. पंच्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव, पंच्याण्णव. सगळे. वहिनी आनंदाने वेडी झाली. डॉक्टरांना हाताला धरून घेऊन आली आणि म्हणाली, "बघा, आज माझ्या नणंदेने घासलंय! माझ्या हातून कोपऱ्यात काहीतरी राहत असणार. ही चिडकी आहे, पण कामाला चोख." डॉक्टरांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सांगावं तर खोटं उघडं पडतं, न सांगावं तर... पण तेव्हा मला वाटलं, आलेत ना आकडे नीट? मग कशाला उगाच उकरा. मी मूग गिळून बसले.

अकराव्या दिवशी वहिनीने दात-ओठ खाऊन स्वतः घासलं, माझ्याहून छान घासायचं म्हणून जास्तच घासलं, आणि आकड्यांची पुन्हा दाणादाण. ती स्टुलावर बसली. नुसती तळहाताकडे बघत राहिली. मला रडूच फुटलं.

"वहिनी, मी काल पाणी बदललंच नव्हतं."

"काय?"

"खोटं बोलले. हातच लावला नाही. परवा दुपारचं पाणी होतं ते. मार मला."

तिने मारलं नाही. "वन्सं," ती म्हणाली. तिने मला वन्सं म्हटलं की समजावं, प्रकरण गंभीर आहे. "शिळ्या पाण्यात आकडे नीट आले?" आणि ती उठली. टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि तसराळ्यावर वाकली. बराच वेळ बघत होती. मग मला मानेला धरून खाली वाकवलं. कपांच्या बाहेरच्या अंगाला, पाण्याखाली, मोहरीहूनही बारीक बुडबुडे चिकटले होते. शेकड्यांनी. आपण गार पाणी ग्लासात भरून ठेवलं की थोड्या वेळाने आतून काचेला चिकटतात, तसेच. ताजं पाणी कोमट होताना त्यातली हवा सुटत होती आणि कपांना जाऊन बसत होती. आवाज पाण्यातून यायचा आणि त्या हवेशी अडायचा. जिथे बुडबुडे कमी तिथे थेंब घुसळला जायचा, जिथे जास्त तिथे नाही.

मशीनवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "हो मग! पाणी एक रात्र बसू द्यायचं, नाहीतर उकळून गार करून घालायचं."

"हे आधी सांगायचं नाही?" मी ओरडले.

"अहो, कुणाला सांगावंच लागत नाही! लोक महिना महिना पाणी बदलत नाहीत, शेवाळ धरतं, मी ते बदला म्हणून भांडतो. रोज सकाळी ताजं पाणी भरणारं माणूस मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा भेटतंय!"

मी फोन ठेवला. वहिनी हसत होती की रडत होती कळेना. अति तिथे माती म्हणतात, इथे अति तिथे बुडबुडे. पुढचे तीन दिवस तिने काळजावर दगड ठेवून शिळं पाणी वापरलं. येता-जाता तसराळ्याकडे बघून नाक मुरडायची, पण आकडे मात्र एका ओळीत उभे.

पंधराव्या दिवशी डॉक्टर कागद घेऊन बसले. "ताई, चौदापैकी नऊ दिवस नापास. कधी चालतं, कधी चालत नाही. ह्याच्या भरवशावर मी पेशंटला औषध कसं सुरू करू? परत पाठवतो."

"मशीनचा दोष नाही," वहिनी म्हणाली. "माझा आहे." एकोणतीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. तिने डॉक्टरांसमोर ताजं पाणी भरलं, ते कोमट होऊ दिलं, वीस कप चालवले. आकड्यांची लंगडी. मग ते ओतलं, आदल्या दिवशी किटलीत उकळून ठेवलेलं पाणी घातलं, पुन्हा वीस. सगळे चौऱ्याण्णव-पंच्याण्णव. डॉक्टरांनी भिंगातून बुडबुडे पाहिले आणि खुर्ची पुढे ओढली.

"मान गये. पटलं. आता शेवटचं, तुलनेला हाताने केलेले आकडे शेजारी लागतील. तुम्ही वीस नळ्या करा, मग मी सही करतो."

 वीस नळ्या चार मिनिटांत करायच्या असतात, नाहीतर पहिल्या नळ्यांचा रंग गडद होत जातो. डाव्या हाताने तिच्या सहासुद्धा होत नव्हत्या. मी घाईघाईने म्हणाले, "डॉक्टर, वहिनीला सकाळपासून चक्कर..."

"गप्प बस," वहिनी म्हणाली. "पुरे झालं खोटं." तिने नळी स्टँडला परत लावली. "डॉक्टर, माझा हात गेलाय. सहा महिने झाले. उजव्या हाताने टिचकी बसत नाही. सगळे रिपोर्ट डाव्या हाताने केलेत, प्रत्येक दोनदा करून. एकही चुकलेला नाही, कागद तपासून बघा. मशीन मी मागितलं ते गर्दीसाठी नाही, माझ्यासाठी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मला का नाही सांगितलंत?"

"थोरल्यांना गुच्छ देऊन घरी बसवलंत तसं मला बसवाल म्हणून."

"अहो ते बहात्तर वर्षांचे होते! स्वतः म्हणाले होते, सोडा आता मला!" डॉक्टर इतक्या मोठ्याने बोलले की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावायला लागले. मग त्यांनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, मनगट दाबून पाहिलं, एकेका बोटाला चिमटा घेतला. "दुखतो?"

तीन महिने मी रोज हेच विचारत होते आणि रोज ती म्हणायची, "कुठे काय." आता तिचा ओठ हलला. "दुखतो हो," ती म्हणाली. "फार दुखतो." आणि लहान मुलीसारखी हमसून हमसून रडायला लागली. मीही. डॉक्टरांनी आम्हा दोघींना एकच रुमाल दिला.

"मनगटाचं ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं," ते म्हणाले. "चार आठवडे विश्रांती, आणि मग या टेबलावर. मशीन ठेवतोय मी. पण ते चालवायला तुम्हीच लागाल. नऊ दिवस ते बिघडवायचं कसं हे तुमच्याइतकं कुणाला कळलंय?" त्यांनी सही केली.

वहिनीने नाक पुसलं आणि पहिला प्रश्न विचारला, "चार आठवडे पाण्याकडे कोण बघणार?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "मी?" मी म्हटलं. "मला काय येतंय?"

"यायला काय हवंय? आठवड्यातून एकदा उकळून गार केलेलं पाणी घालायचं. मधे हात लावायचा नाही. काही न करणं तुला फार सुंदर जमतं."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी त्याला जन्माची अद्दल घडवली असती. तिचं ऑपरेशन झालं, हाताला भलंमोठं बँडेज घेऊन ती घरी बसली, आणि चार आठवडे रोज सकाळी सात वाजता काउंटरवरचा फोन वाजायचा.

"पाण्याला हात लावलास?"

"नाही."

"खरं सांगतेस ना?"

"खरं, वहिनी."

"बोटं हलली गं आज माझी," एका सकाळी ती म्हणाली. "मधलंसुद्धा." माझ्यासमोर रांगेत अकरा माणसं उभी होती. मी त्यांना खुशाल थांबवून ठेवलं आणि तिला म्हटलं, पुन्हा सांग.